दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद आणि बॅकबेची जमीन

मुंबई विद्यापीठाच्या प्रांगणातील राजाबाई टॉवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो ज्यांच्या दानातून उभा राहिला, त्या शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या दातृत्वाचा गौरव आपल्या समाजात नेहमीच होतो. मात्र त्यांच्या जीवनातील जमिनीच्या प्रकरणाचा उल्लेख बहुधा ओझरताच केला जातो. प्रस्तुत लेखकाचा पिंड व्यापाऱ्याचा असल्याने त्यास तेच प्रकरण अधिक विचारार्ह वाटते.

१९व्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी सुरतेस एका दशा ओसवाल जैन कुटुंबात शेठजींचा जन्म झाला. मुंबईत इंग्रजी शिक्षण घेऊन त्यांनी दलालीच्या व्यवसायात पदार्पण केले. इंग्रजी लिहू-बोलू शकणारे ते पहिले देशी दलाल मानले जातात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. तो पैसा गाद्यागिरद्यांखाली थोडाच राहणार? बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्याही निघाल्या.

त्यांतील अग्रणी म्हणजे १८६४ ची बॅकबे रेक्लमेशन कंपनी. शेठजी या साऱ्या उलाढालीचे सूत्रधार होते. कल्पना मुळात खोटी नव्हती. मुंबई बेट अरुंद होते, वस्ती वाढत होती आणि रेल्वेस जागा हवी होती. परंतु ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला, तेव्हा त्या जमिनीच्या जागी अद्याप भरती-ओहोटीच चालू होती! भराव घालण्यास किती वर्षे लागतील, खर्च किती येईल, तयार भूखंड कोण आणि कोणत्या दराने घेईल, हे प्रश्न बाजूस राहिले. शेअर तारण ठेवून बँका कर्ज देत आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात. बँक ऑफ बॉम्बेही या मोहातून सुटली नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यासही यातील दोष दिसावा. जमिनीचा भाव कापसावर उभा होता, कापसाचा भाव युद्धावर. आणि युद्धाचा शेवट मुंबईच्या हाती नव्हता. (लेखकानेही एकदा केवळ नकाशा पाहून एका गाळ्याची रक्कम भरली होती. नकाशा अजून कपाटात आहे, गाळा मात्र कधी उभा राहिला नाही. म्हणून शेठजींना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही.)

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या वलणाचा दिवस ठरला होता. त्या दिवशी देणी भागवू शकणारे फार थोडे उरले. बॅकबेचे शेअर कवडीमोल झाले. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली आणि तिच्या व्यवहारांची सरकारी चौकशी झाली. शेठजींचे नाव व वैभव दोन्ही काळवंडले. ज्यांनी केवळ त्यांच्या शब्दावर पैसा गुंतविला, अशी किती घरे बसली असतील, याचा विचार चरित्रकारांनी टाळू नये असे आम्हांस वाटते.

तथापि शेठजी परागंदा झाले नाहीत. ते पुन्हा दलालीच करू लागले. १८७५ मध्ये मुंबईत शेअर दलालांची संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९०६ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

आणि ती जमीन? कंपनी विसर्जित झाली, तरी तिने भर घातलेल्या किनाऱ्याच्या पट्ट्यावरून बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचे रूळ गेले व १८७० मध्ये चर्चगेट स्थानक सुरू झाले. बॅकबेच्या भरणीचे काम सरकारने १९२०च्या दशकात पुन्हा हाती घेतले, तेव्हाही खर्चाचे अंदाज चुकून मोठा गहजब झाला. पुढे त्याच समुद्राच्या काठी मरीन ड्राइव्ह झाला. म्हणजे जागेची पारख अचूक होती, चुकला तो भाव आणि काळ.

१८६४ मध्ये, भरभराटीच्या ऐन शिखरावर, शेठजींनी विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मातोश्री राजाबाईंच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. दृष्टिहीन मातेस घंटानादावरून वेळ कळून सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता यावे, म्हणून तो बांधला अशी आख्यायिका आहे. चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून ओव्हल मैदान ओलांडले की समोर तोच मनोरा दिसतो.