ट्रक आधी गरम का करावा लागतो? कारण रुडॉल्फ डिझेलने इंजिनातली ठिणगीच काढून टाकली

थंडीच्या दिवसांत पहाटे एखाद्या ट्रक टर्मिनलवर गेलात, तर एक गोष्ट हमखास दिसते. ड्रायव्हर स्टार्टर मारतो, इंजिन खोकल्यासारखं करतं, पांढरा धूर सोडतं आणि मग सुरू होतं. तरी गाडी लगेच निघत नाही. उलट घाट चढून आलेली गाडी थांबली, तरी जाणता ड्रायव्हर इंजिन लगेच बंद करत नाही.

असं का? याचं उत्तर ज्या माणसाकडे जातं, त्याचं आडनाव पेट्रोल पंपावर रोज घेतलं जातं. रुडॉल्फ डिझेल.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडिलांचं चामड्याच्या वस्तू बनवण्याचं काम. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आलं.

पोरगा हुशार निघाला. पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. रेफ्रिजरेशनमधलं मोठं नाव. त्यांच्याकडून रुडॉल्फला कळलं की, वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामाला लावतं, बाकीची वाया जाते. हा आकडा त्याच्या डोक्यात घर करून बसला.

शिक्षण संपल्यावर त्याने लिंडे यांच्याच बर्फाच्या धंद्यात नोकरी धरली. सोबत प्रयोग चालूच होते. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवण्याच्या नादात स्फोट झाला आणि तो मरता मरता वाचला.

पण मार्ग सापडला. हवा जोरात दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. मग इतकी दाबायची की त्यात इंधन सोडल्याबरोबर ते आपोआप पेटेल. स्पार्क प्लग नको, ठिणगी नको. १८९३ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप कंपनी पाठीशी उभ्या राहिल्या.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब इतका वाढला की इंजिनावरचं मोजमापाचं उपकरणच उडालं. इंजिन चाललं नाही, कल्पना मात्र खरी ठरली. पुढची साडेतीन वर्षं दुरुस्त्यांत गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा या इंजिनाने इंधनातली २६ टक्क्यांहून जास्त उष्णता कामाला लावली.

आता ट्रककडे येऊ. डिझेल इंजिन पेटतं ते फक्त दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. इंजिनाचं लोखंड गार असेल तर ते हीच उष्णता शोषून घेतं. मग काही इंधन न जळताच बाहेर पडतं. तोच तो पांढरा धूर. म्हणूनच थंडीत आधी हीटर लावावा लागतो.

मग अर्धा तास गाडी उभ्याउभ्या चालू ठेवायची का? तर नाही. न्यूट्रलवर इंजिन फार थोडं डिझेल जाळतं, त्यामुळे ते नीट तापतच नाही. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलचं प्रेशर आलं, एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरली की हळूहळू निघायचं. खरं इंजिन तापतं ते चालताना.

बंद करतानाची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न टर्बोचा असतो. टर्बो हा डिझेलचा शोध नाही, त्याचं पेटंट १९०५ मध्ये आल्फ्रेड बुची या स्विस इंजिनिअरने घेतलं. घाट चढताना टर्बो प्रचंड तापलेला असतो. इंजिन झटकन बंद केलं की त्याला होणारा ऑइलचा पुरवठा थांबतो, आत राहिलेलं ऑइल जळून कडक होतं आणि बेअरिंग खराब होतं. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवलं की हे टळतं. शिवाय ठिणगीच नसल्यामुळे हे इंजिन बंद करायचं म्हणजे डिझेलच तोडावं लागतं. जुन्या ट्रकमध्ये त्यासाठी ओढायची वेगळी दांडी असायची.

डिझेलने जहाजांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे आपलं इंजिन पोहोचलेलं पाहिलं. अमेरिकेतले हक्क विकून त्याने दहा लाख मार्क कमावले. पण सुरुवातीची इंजिनं सारखी बिघडायची, पेटंटचे वाद झाले, तब्येत ढासळली. पैसा जमिनी आणि चुकीच्या गुंतवणुकीत बुडाला.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने इंग्लंडला निघाला. जेवून केबिनकडे गेला आणि सकाळी तो बोटीवर नव्हता. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला, त्यावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय ५५. घातपाताच्या चर्चा खूप झाल्या. पण तो कर्जात पुरता बुडाला होता हे नंतर उघड झालं, त्यामुळे बरेच जण ही आत्महत्याच मानतात.

त्याचं इंजिन ट्रकमध्ये बसवता येईल इतकं लहान आणि हलकं व्हायला अजून दहा वर्षं लागायची होती. १९२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेल ट्रक विक्रीला आले. त्यातला एक बनवणारी एमएएन कंपनी म्हणजे ऑग्सबर्गच्या त्याच कारखान्याची वारस, जिथे त्याचं पहिलं इंजिन पेटलं होतं.