फॉर्म्युल्यामागचा माणूस : स्टाइनमेट्झ

इलेक्ट्रिकल मशिन्सच्या जर्नलमध्ये हिस्टेरेसिस लॉसचा फॉर्म्युला आपण सगळेच उतरवतो. फ्लक्स डेन्सिटीचा घात १.६. पण हा १.६ आला कुठून, हे वायवात कुणी विचारत नाही. म्हणून मीच शोधायला बसलो, आणि एका अफलातून माणसाची ओळख झाली.

चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ. जन्म ९ एप्रिल १८६५, प्रशियातल्या ब्रेस्लाऊ शहरात (आज हे शहर पोलंडमध्ये आहे). जन्मतःच पाठीला कुबड, खुब्याच्या सांध्यात दोष, मोठेपणीही उंची जेमतेम चार फूट. वडील आणि आजोबांनाही कुबड होतं. गणितात मात्र हा गडी सगळ्यांच्या पुढे! डॉक्टरेट अगदी हाताशी आली असताना समाजवादी लिखाणामुळे पोलीस मागे लागले आणि १८८८ मध्ये त्याला देश सोडावा लागला. झुरिकमध्ये थोडं शिकून १८८९ मध्ये तो बोटीने न्यूयॉर्कला पोचला.

तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला बघितलं. खिसा रिकामा, इंग्रजी धड येत नाही, त्यात असं शरीर. त्याला परत पाठवायचीच त्यांची तयारी होती. सोबतच्या आस्मुसेन नावाच्या मित्राने त्याची हमी घेतली, तेव्हा कुठे त्याला आत सोडलं.

नोकरी दिली ती यॉंकर्सच्या रुडॉल्फ आयकेमायर या कारखानदाराने. काम ड्राफ्ट्समनचं. आयकेमायरला त्याची गणितातली झेप लवकरच कळली आणि त्याने त्याला संशोधनाला जागा करून दिली. ही काही दया नव्हती. त्या काळी मोटारच्या लोखंडी गाभ्यात किती वीज वाया जाईल, हे मोटार बांधून झाल्यावरच कळायचं. स्टाइनमेट्झने मोजमापं घेतली, नियम बसवला आणि १८९२ मध्ये तो मांडला. आता डिझाईन करतानाच कागदावर हिशेब करता येऊ लागला. हाच आपला १.६!

पुढे जनरल इलेक्ट्रिकने आयकेमायरचा धंदा विकत घेतला आणि त्याबरोबर हा माणूसही कंपनीला मिळाला. १८९३ मध्ये त्याने एसी सर्किटसाठी कॉम्प्लेक्स नंबरची पद्धत मांडली. डिफरन्शियल इक्वेशनचं डोकं खाणारं काम साध्या बीजगणितावर आलं. आपण परीक्षेत जे जे लावून सुटतो ना, त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. पुढे १९२२ मध्ये त्याने प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवली. विजेपासून लाइन्स कशा वाचवायच्या, हा त्यामागचा प्रश्न. सुमारे २०० पेटंट, युनियन कॉलेजात प्राध्यापकी, इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचं अध्यक्षपद. सुट्टीत तो नदीत होडी सोडायचा, तिच्यावर आडवी फळी टाकायचा आणि गुडघ्यांवर बसून गणितं करायचा. २६ ऑक्टोबर १९२३ ला तो गेला.

हे सगळं इथे लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या विंगमधला एक मित्र कुबड्या घेऊन चालतो. नोकरी टेबलावरच्या डिझाईनची. पण एका कंपनीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, जिने चढता येतील का? मशीनवर एकही प्रश्न नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखल्या आहेत, ते चांगलंच झालं. पण मुलाखत घेणाऱ्याची नजर कायद्याने बदलत नाही.

न्यूयॉर्कच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी कुबड पाहिलं, आयकेमायरने काम पाहिलं. फायदा कुणाचा झाला? आयकेमायरचा, जनरल इलेक्ट्रिकचा, आणि दिवा लावणाऱ्या प्रत्येकाचा. मित्रांनो, चार-पाच वर्षांनी आपल्यातलेच काहीजण टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतील. तेव्हा समोरच्याला आधी मशीनवरचा प्रश्न विचारा. जिन्याचं काय करायचं ते नंतर बघता येईल. शेवटी आपण इंजिनिअर आहोत, रॅम्प बांधणं काही अवघड नाही.