पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. ऐन तारुण्यात त्यांचे आई, वडील व बहीण दुष्काळात गेली. उपासमार त्यांनी स्वतः सोसली होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ति सदनात त्यांना अन्नवस्त्राबरोबर अक्षरओळख व पोटापुरता हातचा उद्योगही मिळाला. आंधळ्या भगिनींनाही तेथे आसरा होता. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची ख्रिस्ताची शिकवण त्यांनी अशी रोजच्या कामातून आचरिली. १९२२ साली त्या निवर्तल्या. स्वतःचे दुःख कुरवाळीत न बसता त्यांनी दुसऱ्याची भूक ओळखली. भगिनींनो, आपल्या आळीत आज कोणाची चूल पेटली नाही, एवढी चौकशी तर आपणही करू शकतो.