डॉ. कार्ल प्रुसिक : जीव वाचवणाऱ्या गाठीचे जनक



काही माणसांचे नाव पुतळ्यांनी टिकते, काहींचे ग्रंथांनी. डॉ. कार्ल प्रुसिक यांचे नाव मात्र टिकले ते दोरीच्या एका लहानशा गाठीमुळे.

त्यांचा जन्म १८९६ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे झाला. व्हिएन्ना म्हणजे संगीताची नगरी. प्रुसिक यांनाही संगीताची गोडी होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडण्यासाठी ते एक विशिष्ट गाठ वापरीत, असे सांगतात. पुढे १९२३ मध्ये वाइस नावाच्या जुन्या ल्यूटवादकाच्या रचनांवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. ल्यूट हे गिटारच्या जातीचे एक तंतुवाद्य आहे.

संगीताइतकेच प्रेम त्यांनी पर्वतांवर केले. सुमारे ७० नव्या चढायांचे श्रेय त्यांना दिले जाते. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे दोनदा आले.

आल्प्समध्ये एक संकट वारंवार येई. गिर्यारोहक हिमभेगेत पडे किंवा पुढे आलेल्या कड्याखाली लोंबकळत राही. दोर तुटलेला नसे, पण हातापायांना काही टेकत नसे. नुसत्या हातांनी पातळ दोर चढणे फार कठीण, आणि वरच्या एकट्या सोबत्याला त्याला ओढून घेणेही तितकेच कठीण. मग त्याने स्वतःची सुटका करायची कशी?

याचे उत्तर प्रुसिक यांनी १९३१ मध्ये एका गिर्यारोहण नियतकालिकातून मांडले. बारीक दोरीचे एक वेटोळे घ्यायचे आणि मुख्य दोराभोवती त्याच्यातूनच दोन-तीन वेळा गुंडाळायचे. भार नसताना ही गाठ हाताने वर-खाली सरकते. भार पडला की दोराला घट्ट पकडते. अशा दोन गाठी हव्यात. एक कमरेला, दुसरी पायासाठी. पायावर उभे राहून कमरेची गाठ वर सरकवायची, मग कमरेवर बसून पायाची. असे वीतभर-वीतभर माणूस स्वतः वर येतो.

त्या काळी दोर मांडीला आणि खांद्याला वेढूनच कडा उतरत. बिले आणि रॅपलिंगसाठी आज वापरली जाणारी धातूची साधने नंतर आली. पण ही साधारण साधने हातानेच रोखावी लागतात. दगड लागून हात सुटला तर? म्हणून साधनाखालच्या दोरावर अशाच पकड घेणाऱ्या गाठीचे वेटोळे हार्नेसला जोडतात. हात सुटला की गाठ आवळते आणि माणूस जागीच थांबतो. दोन्ही हात मोकळे होतात आणि पुढची सुटका शांतपणे करता येते.

उतरताना अडकणे किती भयंकर असते, हे जुलै १९३६ मध्ये जगाने पाहिले. स्वित्झर्लंडच्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर टोनी कुर्ट्झ हा तरुण सुटका पथकापासून काही मीटर वर आला होता. दोन दोर जोडणारी गाठ त्याच्या कॅराबिनरमधून पार होईना. एक हात गोठलेला, अंगातले त्राण संपलेले. तेथेच त्याचा अंत झाला. गाठ ओलांडण्याची रीत म्हणूनच आज आधी जमिनीजवळ, ताजेतवाने असताना घोटून घेतात.

प्रुसिक गाठीलाही मर्यादा आहेत. वेटोळ्याची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. बर्फाळ दोरावर पकड कमी होते. वेगाने घसरली तर नायलॉन घर्षणाने वितळू शकते. उतरताना आवळलेली गाठ हाताच्या टप्प्याबाहेर राहिली, तर तीच आपल्याला अडकवते. म्हणून प्रत्येक वेळी आधी थोडा भार देऊन पारखायचे, मगच जीव सोपवायचा.

१९६१ मध्ये डॉ. प्रुसिक निवर्तले. आज सह्याद्रीतील गिर्यारोहण शिबिरांतही त्यांची गाठ शिकवतात. मुलांनो, सुतळी आणि जाड दोर घेऊन ही गाठ घरी टेबलाच्या पायाशी जरूर बांधून पाहा. कड्यावर मात्र जाणकार प्रशिक्षकाशिवाय जाऊ नका. पालकांनीही शिबिराला पाठवताना, उतरताना अशी राखीव गाठ लावतात का, हे अवश्य विचारावे.

संकटात नवी विद्या सुचत नाही. आधी हातात बसलेली विद्याच त्या वेळी कामी येते.