विश्लेषण : पॉवर स्टिअरिंगचा पंप आवाज का करतो? उत्तर फ्रान्सिस डेव्हिस यांच्या शोधात
स्टिअरिंग वळवताना बोनेटखालून घूंऽऽ असा आवाज येतोय? पंप बदलण्याआधी फ्रान्सिस डेव्हिस यांची ही गोष्ट वाचा.

१८८७ मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेले डेव्हिस हार्वर्डमध्ये शिकलेले अभियंते. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात असताना अवजड ट्रक वळवणं किती कठीण आहे, हे त्यांनी पाहिलं. १९२२ मध्ये नोकरी सोडून त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थमला छोटं वर्कशॉप थाटलं.

तेलाचा दाब कायम ठेवला की गळती व्हायची. डेव्हिस यांनी तेल सतत फिरतं ठेवलं. दाब वाढायचा तो फक्त स्टिअरिंग वळवल्यावर. १९२६ मध्ये जनरल मोटर्सशी करार झाला, पण मंदीत तो मोडला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांना ही यंत्रणा लागली. १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पिरियल कारमध्ये पॉवर स्टिअरिंग आणलं, तेही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आजच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्येही तेल असंच फिरतं. ते कमी झालं की हवा शिरते आणि पंप ओरडतो. म्हणून आधी टाकीतली पातळी पाहा, गळती थांबवा, कंपनीने सांगितलेलंच तेल भरा. मग इंजिन बंद ठेवून, पुढची चाकं स्टँडवर उचलून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा. हवा निघून जाते. तेल पुन्हा पाहा. तरीही आवाज राहिला, तरच पंप खोला.