कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (माहेरचे नाव : कमला भागवत, १८ जून १९११ – २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. कडधान्ये, दूध, नीरा अशा सर्वसामान्यांच्या रोजच्या अन्नाचे पोषणमूल्य प्रयोगशाळेत तपासणे हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र होते. आजचा आहारतज्ञ वजन कमी करू किंवा वाढवू इच्छिणाऱ्या व्यक्तीसाठी आहाराचा आराखडा आखतो, तो अशाच संशोधनाच्या आधारावर.

जन्म आणि शिक्षण

कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांनीही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत (आजची भारतीय विज्ञान संस्था) शिक्षण घेतले होते. लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र हे विषय घेऊन प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण केली.

बंगळूर येथील प्रवेशाचा लढा

घराण्याच्या परंपरेप्रमाणे कमलाबाईंनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक विजेते सी. व्ही. रामन हे होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. गुणवत्तेत काही उणे नसताना मिळालेला हा नकार कमलाबाईंनी मान्य केला नाही. त्या बंगळूरला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि सत्याग्रहाच्या मार्गाने आपली मागणी लावून धरली. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, त्यांना काम करावे लागणार होते. त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. या अटी अपमानास्पद आहेत हे जाणूनही कमलाबाईंनी त्या स्वीकारल्या.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेरीस त्यांच्या कामाविषयी रामन यांचे समाधान झाले व त्यांचा प्रवेश नियमित झाला. त्यानंतर संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींसाठीही उघडली. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ मध्ये कमलाबाई इंग्लंडला गेल्या व केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स हे होते. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. कमलाबाईंनी आरंभी डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत संशोधन केले. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असते, असे त्यांना आढळले. पेशींच्या श्वसनक्रियेत हे प्रथिन आवश्यक असते. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस टंकलिखित पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्या काळी केंब्रिजमध्ये स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व नव्हते. ते १९४८ मध्ये देण्यात आले.

भारतातील कार्य

१९३९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद स्वीकारले. पुढे त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. तेथे त्यांनी जीवनसत्त्वांविषयी संशोधन केले. भारतीय अन्नपदार्थांचे पोषणमूल्य सांगणारे तक्ते याच प्रयोगशाळेने प्रथम १९३७ मध्ये प्रसिद्ध केले होते. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्ध झाली.

१९४७ मध्ये विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईला आल्या. तेथील विज्ञान संस्थेत (रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. पुढे त्यांनी संस्थेचे संचालकपदही भूषवले. पात्रता असूनही हे पद त्यांना विलंबाने मिळाले.

कडधान्यांवरील संशोधन

मुंबईत कमलाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांचा सखोल अभ्यास केला. वालासारख्या कडधान्यांत प्रथिने विपुल असतात, पण त्याचबरोबर ट्रिप्सिन या पाचक विकराचे कार्य रोखणारे घटकही असतात. असे धान्य कच्चे खाल्ल्यास त्यातील प्रथिनांचा शरीराला पुरेसा लाभ होत नाही. वालातील हे प्रतिरोधक घटक त्यांच्या प्रयोगशाळेने स्फटिकरूपात वेगळे केले. ते संशोधन १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उष्णतेने हे घटक बव्हंशी निष्प्रभ होतात. त्यामुळे वाल भिजवून, मोड आणून, सोलून व शिजवून उसळ करण्याच्या घरगुती पद्धतीमागील शास्त्र या संशोधनाच्या आधारे समजावून घेता येते.

नीरा आणि दूध

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड-माडाच्या झाडापासून मिळणारा हा गोड रस आंबण्यापूर्वी नीरा म्हणून पितात. आंबल्यावर त्याची ताडी होते. नीरेत लोह व जीवनसत्त्वे असून आदिवासी भागांतील कुपोषित किशोरवयीन मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिचा लाभ होतो, असे त्यांनी दाखवले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दूध नासू नये यासाठी शास्त्रीय सल्ला दिला.

ग्राहक चळवळ व लेखन

१९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या संस्थापक सदस्यांत कमलाबाई होत्या. अन्नातील भेसळ ओळखण्याच्या चाचण्या सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिले. आहारविषयक ज्ञान मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘आहार-गाथा’ या पुस्तकात मांडले.

आहारशास्त्रातील महत्त्व

कमलाबाईंच्या कार्यकाळात देशापुढील मुख्य प्रश्न अपुऱ्या अन्नाचा व कुपोषणाचा होता. आज त्याच्या जोडीला अतिवजनाचा प्रश्न उभा आहे. दोन्ही प्रश्नांना लागणारे शास्त्र मात्र एकच आहे. एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. वजन उतरवताना ऊर्जा कमी करायची असते, परंतु प्रथिने, लोह व जीवनसत्त्वे यांत कपात होऊन चालत नाही. केवळ उपाशी राहिल्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून आहारतज्ञ आधी व्यक्तीचे वय, काम, आजार व नेहमीचे जेवण विचारात घेतो आणि मगच भाकरी, भात, वरण, उसळ, दूध यांचे प्रमाण ठरवतो. आपल्याच ताटातील पदार्थांत काय आहे आणि त्यातले अंगी किती लागते, हे ठाऊक असल्याशिवाय असा सल्ला देता येत नाही. हे ज्ञान उभे करणाऱ्यांत कमलाबाईंचे स्थान अग्रभागी आहे.

निधन

सार्वजनिक प्रसिद्धीपासून कमलाबाई दीर्घकाळ दूर राहिल्या. वयाच्या नव्वदीकडे झुकल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या व त्यानंतर अल्पावधीत, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर विशेष चित्र प्रसिद्ध करून त्यांना आदरांजली वाहिली.