ग्रे आउल : एक सोंगाडी आणि त्याचे बीव्हर

गेल्या पावसाळ्यात आमच्या निसर्ग मंडळाच्या वृक्षारोपणाला एक नामवंत नट येऊन गेले. मैदान फुलून गेले, छायाचित्रे निघाली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहतो तो निम्म्याहून अधिक रोपे वाळलेली. त्यावरून मंडळाच्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. प्रसिद्ध माणसांना बोलावून निसर्गाचे काही भले होते काय, हा वादाचा मुद्दा होता आणि मी अगदी ठामपणे नकाराच्या बाजूने बोललो होतो. पुढे ग्रे आउलचे चरित्र वाचनात आले आणि माझा तो ठामपणा पार डळमळला. त्याचीच ही हकीकत.

ग्रे आउल म्हणजे करडे घुबड. आपल्याकडे असले नाव कोणी हौसेने धारण करणार नाही! पण १९३० नंतरच्या काही वर्षांत कॅनडात आणि इंग्लंडमध्ये हे नाव घरोघर पोचले होते. कातड्याचा पोशाख, दोन लांब वेण्या, उभट गंभीर चेहरा, असा हा माणूस व्यासपीठावर येई आणि कॅनडाच्या अरण्यातील बीव्हर नावाच्या प्राण्याविषयी बोलू लागे. बीव्हर हा दातांनी झाडे पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. त्याच्या बांधामागे पाणी साठते, दलदल होते, आणि तिच्या आधाराने मासे, पक्षी, हरणे जगतात. परंतु त्याच्या केसाळ कातड्याच्या टोप्या युरोपात पिढ्यान्‌पिढ्या मिरवल्या गेल्या, आणि त्यापायी विसाव्या शतकाच्या आरंभी तो नामशेष होण्याच्या बेतात आला होता.

मौज अशी की, बीव्हरचा हा कैवारी आधी स्वतःच सापळे लावून बीव्हर मारीत असे. १९२५ साली त्याची गाठ अनाहारिओ या मोहॉक जमातीच्या तरुणीशी पडली. १९२८ साली बीव्हरची एक मादी त्याच्या सापळ्यापायी गेली. मागे राहिलेली दोन पिले तान्ह्या मुलांसारखी रडत होती. त्याचा विचार त्यांनाही मारून कातडी विकण्याचा होता, कारण घरात पैसा नव्हता. अनाहारिओने हट्ट धरून ती वाचवली. मॅकगिनिस आणि मॅकगिंटी अशी त्यांची नावे ठेवली गेली. ती पिले झोपडीत वावरू लागली, मांडीवर येऊन बसू लागली, आणि या माणसाने सापळे कायमचे टाकले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत खरा प्रसंग आहे, आणि त्याचे श्रेय त्याच्याकडे नाही, तिच्याकडे जाते.

मग तो लिहू लागला. १९३१ साली पहिले पुस्तक आले. त्याच वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने त्याला नोकरीत घेतले. सॅस्कॅचेवान प्रांतातील अजवान सरोवराच्या काठी त्याला लाकडी झोपडी बांधून दिली. तिथल्या बीव्हरांनी आपले घर अर्धे पाण्यात नि अर्धे थेट त्या झोपडीत बांधले! खात्याने त्याच्यावर चित्रपट काढले. १९३५-३६ च्या इंग्लंड दौऱ्यात चार महिन्यांत त्याची दोनशेहून अधिक व्याख्याने झाली आणि सुमारे अडीच लाख लोकांनी ती ऐकली. डिसेंबर १९३७ मध्ये तर बकिंगहॅम राजवाड्यात राजा-राणी आणि दोन्ही राजकन्यांपुढे त्याचे भाषण झाले.

आपला बाप स्कॉटिश, आई अपाची, आणि जन्म मेक्सिकोतला, असे तो सांगे. निळ्या डोळ्यांचा उलगडा बापाच्या नावाने होत असे. हे सारे बनावट होते. त्याचे खरे नाव आर्चिबाल्ड बेलेनी. जन्म १८ सप्टेंबर १८८८, इंग्लंडमधील हेस्टिंग्ज गावी. बाप व्यसनी, परागंदा झालेला. दोन आत्यांनी त्याला वाढवले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या गोष्टींचे लहानपणापासून वेड. लाकडाच्या वखारीत कारकुनी करताना कचेरीच्या धुराड्यात दारू उडवून नोकरी घालवली आणि १९०६ साली स्वारी कॅनडाला निघून गेली. तिथे ओजिब्वे लोकांत राहून तो त्यांची भाषा व अरण्यविद्या शिकला. १९१० साली त्याने अँजेल एगवुना या ओजिब्वे स्त्रीशी लग्न केले आणि पुढे तिला सोडले. महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडात आला असता, पहिली बायको हयात असताना, तिथे आणखी एक लग्न केले. संसारात हा गृहस्थ कोणाशीच प्रामाणिक राहिला नाही, हे झाकण्यात अर्थ नाही.

त्याच्या हेस्टिंग्जमधल्या व्याख्यानाला त्याच्या आत्या सभागृहात बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखले आणि त्या गप्प राहिल्या. नॉर्थ बे येथील एका दैनिकाला अँजेलकडून १९३५ सालीच सत्य कळले होते. संपादकाने ती बातमी तीन वर्षे दाबून ठेवली, कारण या माणसाच्या हातून होणारे काम बुडेल असे त्याला वाटले. आमच्या इतिहासाच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मलाच विचारले, तू संपादक असतास तर काय केले असतेस? मला अजून उत्तर सापडलेले नाही.

१३ एप्रिल १९३८ रोजी न्यूमोनियाने तो वारला. वय अवघे ४९. मृत्यूची वार्ता येताच ती दाबलेली बातमी छापली गेली. जगभर गवगवा झाला, पुस्तकांचा खप घसरला. सोंग उघडे पडले म्हणून पुष्कळांनी त्याचे म्हणणेही खोट्यात काढले. प्रसिद्ध माणसाच्या खांद्यावर एखादे कार्य टाकण्यातला धोका तो हाच. एक गोष्ट मला त्याहून अधिक बोचते. ज्या लोकांकडून तो हे सारे शिकला, त्यांना स्वतःच्या अरण्याविषयी बोलायला राजवाड्यात कोणी बोलावले नाही. त्यांचा वेष चढवलेल्या गोऱ्या माणसाचे मात्र सर्वांनी ऐकले.

आणि तरीही बीव्हर काही खोटे नव्हते. शिकारीवरचे निर्बंध आणि प्राणी नव्या ठिकाणी नेऊन सोडणे यांमुळे ते पुढे पुन्हा वाढले. यात एकट्या ग्रे आउलचा हात होता असे नाही, पण लोकांचे मन त्याने वळवले होते. १९७५ साली कॅनडाने बीव्हरला राष्ट्राचे अधिकृत प्रतीक केले. १९३६ साली लेस्टर येथे त्याचे भाषण ऐकायला दोन शाळकरी भाऊ गेले होते. धाकटा डेव्हिड अ‍ॅटनबरो. त्याने पुढे दूरदर्शनवरून वन्य जीवन साऱ्या जगाला दाखवले. थोरल्या रिचर्डने १९९९ साली ग्रे आउलवरच चित्रपट काढला.

अनाहारिओला कॅनडाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला तो १९८३ साली, त्या दोन पिलांना पंचावन्न वर्षे झाल्यावर. १९८६ साली ती वारली. अजवानच्या काठी, झोपडीमागच्या झाडीत, त्याच्या शेजारी तिची आणि त्यांच्या मुलीची समाधी आहे. तिथे जायला सुमारे वीस किलोमीटर पायी चालावे लागते, आणि लोक अजून जातात.